शेण कोणाच्या ढोराचं?

"एमेस्सी शिकीसन शेनच उचलनं व्हतं, तं घरी गोठा नव्हता का?"

जुलैत मी बॅग भरत होते तेव्हा आईने हे विचारलं. आम्ही सावद्याचे, केळीवाले. शेणखताच्या ट्रॉल्या बघत मोठी झालेली मुलगी शेणकिड्यांवर डिसर्टेशन करायला सातपुड्यात निघाली, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

खिरोद्याच्या पुढे गारबर्डीचं धरण मागे टाकून घाट चढलं की पाल लागतं. विद्यापीठाचं आमचं 'फील्ड स्टेशन' त्याच बाजूला आहे. नाव भारी आहे, बाकी दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, एक सूक्ष्मदर्शक आणि लाइट असली तर चालणारा पंखा. यावल अभयारण्य हाकेच्या अंतरावर, पण माझं सगळं काम हद्दीबाहेरच्या गायरानात आणि बांधांवर. स्वयंपाकाच्या मावशी कळण्याची भाकरी आणि ठेचा असा करतात की दिवसभर शेणात हात घालून आलेल्या माणसालाही भूक लागते. हात मात्र आधी दोनदा धुवून दाखवावे लागतात.

माझा सापळा अगदी साधा. दह्याचा प्लास्टिकचा डबा काठापर्यंत जमिनीत पुरायचा, तळाशी साबणाचं पाणी ओतायचं. ताज्या शेणाची लिंबाएवढी गोळी मलमलच्या कापडात बांधून डब्यावर आडव्या काडीला टांगायची. वर पावसासाठी पत्रावळ, तिच्यावर दगड. दिवेलागणीला शेजारी गप्प बसलं की किडे येताना ऐकू येतात. आधी लांबून घूंऽऽ, मग पत्रावळीवर टप्प, मग जरा खुडबुड आणि शेवटी पाण्यात डुबुक. पहिल्या रात्री हे ऐकताना मी एकटीच हसत होते. दुसऱ्या रात्री रानडुकरांनी चार डबे उकरून टाकले, मग हसू गेलं.

शेणकिड्यांच्या कामाच्या साधारण तीन तऱ्हा. काही शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत नेतात, काही शेणाखालीच बोगदा खणून ते आत ओढतात, आणि काही आळशी, शेणाच्या पोवातच संसार थाटतात. सर त्यांना 'घरजावई' म्हणतात. माझ्या डब्यांत सगळ्यात जास्त यायचे ऑन्थोफॅगस, म्हणजे बोगदेवाले. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या नरांना डोक्यावर शिंगं असतात. भिंगाखाली एकेक पाय मोजत, शिंगाचा बाक बघत रात्रीचे अकरा वाजायचे. जात ओळखू आली नाही की नुसता नंबर द्यायचा. माझ्या वहीत ओ-१ ते ओ-९ झाले होते.

स्टेशनवर राहायचं तर जवळच्या पाड्यांवरच्या शाळांत जाऊन आपलं काम सांगायचं, ही सरांची अट. पोळा होऊन चारच दिवस झाले होते. पाड्यावरच्या बैलांची शिंगं अजून रंगलेली, एकाच्या गळ्यात चुरगळलेला गोंडा. मी लॅपटॉप घेऊन गेले, तेवीस स्लाइड्स तयार. लाइट नव्हती आणि बॅटरी सहाव्या स्लाइडला संपली. देवाचे उपकार, कारण पुढच्या सतरा स्लाइड्स लॅटिन नावांच्या होत्या.

मग नुसत्या गोष्टी सांगितल्या. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांनी गाई नेल्या, पण तिथले किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांवर वाढलेले, त्यांना गाईच्या पातळ शेणाचं काय करावं कळेना. पोव तसेच पडून राहायचे, खालचं गवत मरायचं, माश्या माजायच्या. जॉर्ज बोर्नेमिसा नावाच्या हंगेरीहून आलेल्या कीटकतज्ज्ञाने हे हेरलं, आणि १९६८ पासून तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने बाहेरदेशांतून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. मी बोलायची, गुरुजी मध्येमध्ये पोरांच्या पावरी बोलीत सांगायचे. सरकार शेणातले किडे परदेशातून मागवतं, यावर वर्ग एवढा हसला की गुरुजींना टेबलावर डस्टर आपटावा लागला. आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरून गोळा सरळ रेषेत नेणारा आफ्रिकेतला किडा मात्र त्यांनी निमूट मान्य केला. रात्री ढोरं शोधत फिरणाऱ्या पोरांना त्यात काय नवल!

शेवटी "काही विचारायचंय?" असं मी विचारलं. असं विचारल्यावर सहसा कोणी विचारत नाही. मागून पाचवीतला एक पोरगा उठला.

"ताई, डब्यात शेण कोणाच्या ढोराचं टाकता?"

मी म्हटलं, खालच्या एका गोठ्यातून आणते.

"त्याला सुई टोचतात का?"

"कसली सुई?"

"गोचिडाची." खालच्या मळ्यातल्या, सुई टोचलेल्या गाईंचं शेण लवकर मोडत नाही, पोळीसारखं वाळून पडतं, असं त्याच्या आजीचं म्हणणं. ती गोवऱ्या थापते, तिला माहीत.

मी "छान प्रश्न आहे हं" म्हणाले. उत्तर नसलं की आम्ही शिकलेले लोक असंच म्हणतो.

संध्याकाळी गोठेवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कोनाड्यातून बाटली काढून दाखवली: आयव्हरमेक्टिन. गाईंना शेवटचं इंजेक्शन मी सापळे लावायला लागले त्याच्या चार दिवस आधी झालेलं. हे औषध शरीरातून जातं ते मुख्यतः शेणावाटे, आणि पुढे काही आठवडे त्याचा अंश शेणात राहतो. त्या शेणात घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या मरतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मोठे किडे अशा शेणाकडे कमी येतात की जास्त, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही. म्हणजे माझ्या डब्यांत जे पडत होतं ते गायरानामुळे की बाटलीमुळे, हे मलाच सांगता येणार नव्हतं. मराठीत याला एक चपखल वाक्प्रचार आहे. शेणकिड्यांच्या अभ्यासात मी शेण खाल्लं होतं.

त्यात काकांची काही चूक नाही. गोचिडांनी गाई हैराण होतात, दूध आटतं. औषधही काही ऐरंगैरं नाही. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून त्याची सुरुवात झाली आणि ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. माणसांतल्या 'नदी-अंधत्व' या कृमींमुळे दृष्टी घालवणाऱ्या रोगावरही तेच चालतं. चूक माझी. आमिषाचं वजन मी दर वेळी ग्रॅममध्ये लिहिलं, सापळ्याचे अक्षांश-रेखांश लिहिले, पण शेण ज्या गाईचं तिची चौकशी केली नाही. शेण म्हणजे शेण, असं केळीवाल्याच्या मुलीने धरून चालावं, याचाच जास्त राग आला.

सरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आधीचे आकडे खोडू नकोस. वेगळे ठेव, कारण लिही, आणि उद्यापासून नव्याने सुरू कर." उद्यापासून! पाऊस ओसरायला लागला होता, आणि पाऊस गेला की किडेही कमी होतात.

आता शेण पाड्यावरून येतं. तो पोरगा आणि त्याचा लहान भाऊ शाळा सुटल्यावर ढोरं घेऊन येतात आणि पळसाच्या पानात पुरचुंडी बांधून देतात. मोबदला म्हणजे पाच मिनिटं भिंग. माझे नंबर त्यांना अजिबात पसंत नाहीत. ओ-४ आता 'वळू' आहे, ओ-७ ला शिंगं नाहीत म्हणून ती 'म्हातारी'. वहीत मी दोन्ही लिहिते.

गेल्या आठवड्यात तो रिकाम्या हाताने आला. त्यांच्या चांद्या बैलाच्या कानात गोचिड झालेत, वडील बाजारच्या दिवशी सुई आणणार आहेत. "टोचू द्यायची का नको?" असा त्याचा प्रश्न. माझ्या डब्यांसाठी त्यांच्या बैलाने रक्त पाजावं, असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, टोचू दे.

"मग तुमचं काम?"

मी म्हटलं, बाकीच्या ढोरांचं आण. त्याने मान हलवली आणि ढोरांमागे गेला.

काल दोन पुरचुंड्या आल्या. एक नेहमीची. दुसरी वेगळ्या दोरीने बांधलेली, पानावर कोळशाने बैलाचं तोंड काढलेलं आणि खाली आकडा: ३. सुई टोचून तिसरा दिवस. ती मी त्याच्याच सांगण्यावरून वेगळ्या डब्यावर, बांधाच्या पलीकडे टांगली आहे. आज रात्री मोजायची आहे. तो येणार म्हणालाय, पण आजीने सोडलं तर.