बेगल निवू द्या, भाऊ

आज धरमपेठेतल्या नव्या बेगलच्या दुकानात सकाळीच रांग दाराबाहेर. बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, आधी उकळत्या पाण्यात सोडून मग भट्टीत भाजलेला. तक्रार बहुतेकांची एकच, आतून चिकट लागतो. कारण कापायची घाई. भट्टीतून काढलेला बेगल 20 मिनिटं तरी जाळीवर निवायला हवा, नाहीतर आतला भाग बसायच्या आधीच सुरी फिरते अन् लगदा होतो.

काही चपटेही निघाले. नागपूरच्या गरमीत वळलेले गोळे फ्रिजबाहेर राहिले की प्रमाणाबाहेर फुगतात आणि उकळत्या पाण्यात पडताच बसतात. थंडच सोडायचे, प्रत्येक बाजू 30 ते 60 सेकंद.

घरी नेताना कागदी पिशवीच मागा. प्लास्टिकमध्ये कड मऊ पडते. उरलेले कापून फ्रीझरमध्ये ठेवा. साध्या फ्रिजमध्ये लवकर शिळे होतात.

भाऊ, आम्ही थांबतो ना रांगेत!