खारं पाणी आम्हाला नवं नाही

नमस्कार मंडळी. मी आपल्या शाळेच्या १९९६ च्या दहावीचा, मागच्या बाकावरचा, त्यामुळे बरेच जण ओळखणार नाहीत. सध्या सिंधुदुर्गात झेडपीचा मास्तर आहे, आपल्या विदर्भातली कितीतरी पोरं तिकडं मास्तरकी करतात, त्यातलाच एक.

भूगोलाचे सर आठवतात ना? त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता, पण लाटांचा धडा आला की फळा सोडून आम्हाला पूर्णा नदीच्या थडीवर न्यायचे. काठापासून थोडं आत बाभळीच्या खुट्या ठोकायच्या अन् पोळा झाला की सुतळीनं मोजायचं, किती काठ गेला. एका साली खुटीच सापडली नाही तर म्हणे, "झालं ना बे मोजमाप, लिहा!" पूर्णाकाठ सगळा गाळाचा, पाणी खालून पोखरते अन् पूर ओसरायला लागला की वरची अख्खी दरड भिजलेल्या ढेपीसारखी बसते.

आता मालवणजवळचं देवबाग बघा. चिंचोळी पट्टी, एकीकडं अरबी समुद्र, दुसरीकडं कर्ली नदी, मधे घरं अन् माड. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र ती हळूहळू परत आणतो, हा हिशोब जमला तर ठीक, पण परत येणारी वाळू कमी पडली की किनारा मागं सरकलाच. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण अन् वरून वारा म्हणजे माडांची मुळं उघडी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळानं तर सगळा जिल्हाच झोडपला. मग सगळे काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. त्यानं मागची घरं वाचतात, पण बंधारा जिथं संपतो तिथं शेजारचा किनारा जास्त खचू शकतो, शिवाय पुढची वाळू गेली की होडी ओढून ठेवायची कुठं अन् रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावायची कुठं?

विहिरीही खारावतात. एका काकूंनी तांब्या देताना आधीच सांगितलं, "गुरुजी, वायच खारट लागतला हां." म्हटलं काकू, द्या बिनधास्त, आम्ही पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातले, तिथं जमिनीखालचं पाणीच खारं, समुद्र नसून खारं पाणी पिऊन मोठे झालो!

आमच्या वावराचा नदीकडचा तुकडा गेला तरी सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच, बाबा सारा भरतच राहिले. किनाऱ्यावरही तेच, कागदावर माडाची बाग अन् जागेवर पाणी. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी अन् धुपीनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी सुचवले होते, त्यात नदीकाठही येतो. आपल्याकडं हे कोणाला माहीतच नाही, कागद हलवणार कोण?

बरं, कामाचं बोलतो. शाळेमागचा नाला मैदान खात चाललाय, दिवाळीत आलो तेव्हा कबड्डीच्या ग्राउंडची एक बाजू गेलेली दिसली. शाळेच्या महोत्सवाचा मंडप थोडा लहान झाला तरी चालेल पण त्या काठाला बांबू अन् वाळा लावू. बांबूची रोपं माझ्याकडून, खड्डे तेवढे मृगाच्या आधी खोदून ठेवा.