तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ज मागे का घेतला नाही

लग्नात, आठवडी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही गेलं तरी तोच प्रश्न येतो. "ताई, तुम्ही अर्ज का काढून घेतला नाही?" काही जण तेवढ्यावर थांबतात. काही जण पुढचंही बोलतात, "तुमच्यामुळं आपला माणूस पडला."

२०२४ च्या विधानसभेला बीड जिल्ह्यातल्या एका मतदारसंघातून मी अपक्ष उभी होते. दोन नंबरचा उमेदवार जेवढ्या मतांनी पडला, त्याहून थोडी जास्त मतं माझ्या शिलाई मशीन या चिन्हाला पडली. मी आजवर एखाद्या वाक्यात उत्तर देऊन सटकत आले. त्या वाक्यांनी कुणाचं समाधान झालं नाही, माझं तर नाहीच. म्हणून आता सगळं सांगते.

मी काय काम करते ते विचारणाऱ्यांना ठाऊक आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं चालवायची, मजुरांची ओळखपत्रं काढून द्यायची, परजिल्ह्यात रेशन मिळेल असं बघायचं. हे सोडून निवडणूक कशाला, असं विचारता ना? हे सोडून नाही, यासाठीच. माथाडींसाठी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी, १९६९ मध्ये कायदा झाला. त्यातून मंडळं आली, कामगाराची नोंद आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. ऊसतोड मजुराला तसा कायदा नाही. महामंडळ आहे, टनामागे कारखान्याचे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, अशी त्याची रचना आहे. पण नवरा-बायकोची जोडी अजून 'एक कोयता' म्हणूनच मोजली जाते, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते, आणि बाईचं नाव कुठल्या कागदावर येत नाही. २०१९ मध्ये याच जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. समिती झाली, अहवाल आला, शिफारशी आल्या. मी तेव्हापासून निवेदनं देत होते. निवेदनावर पोच मिळते, कायदा मिळत नाही. कायदा २८८ जण बसतात तिथे होतो. एवढं साधं कारण होतं.

आता ४ नोव्हेंबरबद्दल. तुमचा प्रश्न त्या दिवसाचाच आहे.

भाऊबीज आदल्या दिवशी झाली होती. अर्ज काढून घेण्याची मुदत दुपारी तीनपर्यंत. त्याच सकाळी मराठा आरक्षण आंदोलनाचे मनोज जरांगे यांनी उमेदवार देणार नसल्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे तहसीलसमोर अर्ज काढणाऱ्या अपक्षांची आणि त्यांना गाडीत घालून आणणाऱ्यांची गर्दी. मी तिथे चिन्हवाटपासाठी गेले होते. मला तिथे एक वडीलधारे गृहस्थ भेटले. नाव लिहिणार नाही, मी त्यांना तात्या म्हणते. वसतिगृहाची सरकारी मंजुरी यायला उशीर झाला की आमच्या पोरांना ज्यांच्या घरचं धान्य आलं, ते हेच. दुकानदारानं उधारी नाकारली तेव्हा 'माझ्या नावावर लिही' म्हणणारेही हेच. त्यांनी मला बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"माय, मी तुला पैसे द्यायला आलो नाही. तुला ओळखतो मी."

मग म्हणाले, निकाल लागल्या लागल्या तालुक्यातल्या सगळ्या वसतिगृहांची मंजुरी, एकही गाव सुटणार नाही. मी म्हटलं, आचारसंहितेत असा शब्द कसा देता? ते म्हणाले, "म्हणून तर कागदावर देत नाही. तोंडी देतोय. माझं तोंड तुला माहीत आहे."

माहीत होतंच. त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं मला एकदाही आठवत नाही.

लोकांना वाटतं मला लाखांचं पाकीट दाखवलं आणि मी ते बाणेदारपणे ढकललं. तसं झालं असतं तर मला काहीच जड गेलं नसतं. त्यांनी जे देऊ केलं ते मी वर्षानुवर्षं दारोदार मागत फिरत होते. माघारीचा छापील नमुना त्यांच्यासोबतच्या पोरानं भरूनच आणला होता. फक्त सही राहिली होती. तात्या म्हणाले, "तुला तीनशे मतं पडतील का तीन हजार, मला ठाऊक नाही. पण पोरं किती, हे तुला ठाऊक आहे."

याला उत्तर नव्हतं. मी बराच वेळ काही बोलले नाही. नमुना हातात होता. पेनही घेतलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात माझी एक सूचक मला शोधत आत आली. अपक्षाच्या अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. माझे बहुतेक तांड्यांवरचे आणि वस्त्यांवरचे होते. हिनं सही केली म्हणून मुकादमानं तिच्या नवऱ्याला चारचौघांत सुनावलं होतं. दोन दिवसांत त्यांची टोळी निघणार होती. तिनं माझ्या हातातला कागद बघितला. तिला काय आहे ते सांगायची गरज पडली नाही. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही बसणार होतात तर आमच्या सह्या कशाला घेतल्या?"

मी तात्यांना म्हणाले, मंजुरी द्यायची तर पोरांची आहे म्हणून द्या, मी बसले म्हणून नको. ते म्हणाले, "असं जग चालत नाही, माय." आणि उठले. रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. तीन वाजले तेव्हा मी आत चिन्हाच्या टेबलापाशी होते.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईच्या एका वाक्यावर? हो. पण त्या वाक्यामागे मला एक जुनी गोष्ट दिसत होती. मजुराला सगळं काही कुणाच्या तरी शब्दावर मिळतं. उचल मुकादमाच्या शब्दावर, दवाखाना कारखान्याच्या माणसाच्या शब्दावर, पोरांचं जेवण तात्यांच्या शब्दावर. शब्द देणारा भला असला तरी देणारा तोच राहतो आणि उद्या हात आखडायचा अधिकारही त्याचाच राहतो. मी सही केली असती तर त्या देण्याघेण्यात मीही एक मुकादम झाले असते, पोरं दाखवून उचल घेणारी.

हे मी ठामपणे लिहिते आहे. रात्री इतकं ठाम नसतं. कारण त्या हिवाळ्यात आमच्याकडे मंजुरी आली तेव्हा टोळ्या जाऊन महिना उलटून गेला होता. सातवीतली एक मुलगी, वर्गात पहिली येणारी, आईबापांसोबत फडावर गेली. हंगाम संपल्यावर ती शाळेत परत आली नाही, तिचं लग्न ठरल्याचं कळलं. अर्ज काढला असता तर मंजुरी लवकर आली असती का? उशीर दरवर्षीच होतो, असं मी स्वतःला सांगते. पण तात्यांचा शब्द दरवर्षी नव्हता, त्याच वर्षी होता.

राहिला मतं खाल्ल्याचा आरोप. मतं म्हणजे कुणाच्या बापाची वाटणीतली जमीन नाही की मधे बांध घातला म्हणून माझ्यावर दावा लावावा. ज्यांनी मला दिली त्यांनी मला दिली. मी नसते तर ती तुमच्याच माणसाला पडली असती, हे तुम्ही कशावरून म्हणता? पडली नसती, हे मलाही सिद्ध करता येत नाही. दहा हजारांची अनामत जप्त झाली, ती बचत गटांतल्या बायकांनी गोळा केलेली होती. तिचा हिशेब त्यांनी मागावा. त्यांनी अजून मागितलेला नाही.

आणि ज्यांच्यासाठी उभी राहिले त्यांचं मतच पडलं नाही, याबद्दल कुणी विचारत नाही. गाळप १५ नोव्हेंबरपासून, मतदान २० ला. माझ्या दहा सूचकांतले निम्म्याहून जास्त तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर होते. काही उमेदवारांच्या गाड्या मजूर आणायला गेल्याचं ऐकलं. मतदारांची अशी ने-आण करणं कायद्यानं भ्रष्ट आचार आहे आणि माझ्याकडे गाड्याही नव्हत्या. सैनिकाला टपाली मतपत्रिका मिळते, पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसाचं मत घरी येऊन घेतात. स्थलांतरित मजुरासाठी निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढे एक दूरस्थ मतदानयंत्र ठेवलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. पक्षांचं एकमत झालं नाही आणि ते तिथेच राहिलं. मतदानाच्या दिवशी माझ्या त्या सूचक बाईचा फोन आला. विचारत होती, इथल्या गावात जाऊन दाबलं तर चालतं का. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, मग माझी सही तेवढी चालली.

वीस वर्षांपूर्वीची मी, म्हणजे नवीन मुलींना 'राजकारणाच्या वाऱ्याला उभ्या राहू नका' असं सांगणारी, आज समोर असती तर म्हणाली असती, बघ, सांगितलं होतं. तिला मी म्हणेन, तुझी वसतिगृहं चालली ती तात्यांच्या धान्यावर. तुला राजकारण लागत नव्हतं कारण ते तुझ्या वतीनं दुसरं कुणीतरी करत होतं. ती म्हणेल, पण पोरं शाळेत होती. इथे मला पुढे बोलता येत नाही.

२०२९ ला उभारणार का, हेही विचारता. ठरवलेलं नाही. तात्या त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. धान्य मात्र त्या वर्षीही आलं, कुणी पाठवलं ते पोत्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि मी ते उतरवून घेतलं. त्यांच्या घरी जायचं माझ्या मनात आहे. माफी मागायची नाही आणि मी बरोबर होते हेही ऐकवायचं नाही, मग काय बोलायचं, हे ठरलं की जाईन.