चंपाषष्ठी ते अखाजी : पुस्तक विकायचा खानदेशी हिशेब

आधी आकडे, मी स्वतः छापून विकलेल्या पुस्तकाचे. डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंची) आकार, १६० पानं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, ५०० प्रती. मला प्रतीमागे ७२ रुपये पडले, म्हणजे ३६,००० रुपये अडकले. छापील किंमत २०० ठेवली. दुकानदाराचे ४० टक्के गेले की १२० हाती येतात, त्यातून छपाई वजा जाता ४८. आणि तेही प्रत विकल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, चार फोन केल्यावर. तीच प्रत १५० ला थेट वाचकाच्या हातात दिली तर ७८ उरतात. अशा २४० प्रती गेल्या की छपाईचा खर्च निघाला. कापसाला भाव नसलेल्या वर्षी नजर या २४० वरच ठेवायची, ५०० वर नाही.

पानं १६० च का? १६ पानांचे बरोबर १० फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायचे पानांचे गट) होतात म्हणून. १६४ झाली की चार पानांसाठी वेगळा फर्मा चढतो. त्यापेक्षा प्रस्तावना छाटावी. लांब प्रस्तावना तशीही कोण वाचतं.

आषाढ-श्रावणात खानदेशात पुस्तक विकायला काढू नये. बी-खताची उधारी डोक्यावर असते, घरातला रुपया निंदणीच्या मजुरीला लागतो. त्या दिवसांत मी फक्त ऐकवतो. पुस्तकातला एखादा प्रसंग अहिराणीत, दीड मिनिटाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर. रेकॉर्डिंगला पंखा बंद आणि समोर दोरीवर गोधडी टांगलेली, नाहीतर खोली घुमते. प्रसंग अर्ध्यात तोडायचा, शेवटी पुस्तकाचं नाव सांगायचं, किंमत सांगायची नाही. मग ज्याला खरंच हवं असतं तो स्वतः विचारतो, ‘कितलाले शे?’ (केवढ्याला आहे?) त्याचं नाव, गाव वहीत. ही वहीच पुढे हिवाळ्यात कामाला येते. पीडीएफ मात्र कुणालाच पाठवू नये, अगदी जवळच्या नातेवाइकालाही. संध्याकाळपर्यंत ती तालुकाभर फिरते.

खरी विक्री मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीनंतर. चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही तेव्हा मोकळी होतात, कापसाची पहिली-दुसरी वेचणी विकलेली असते आणि शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. प्रकाशन समारंभाचं सभागृह, शाली, स्मृतिचिन्हं, बॅनर यात पंधरा-वीस हजार सहज जातात. त्याऐवजी वर्गणीचं भरीत ठेवावं. माणशी २५० : १०० जेवणाचे, १५० पुस्तकाचे. ४० माणसांना १२ किलो भरताची हिरवी वांगी पुरतात, सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. वर्गणी चार दिवस आधी घ्यावी. ‘येतो’ म्हणणाऱ्यांवर वांगी आणली की दहा माणसांचं भरीत उरतं.

वाचन कधी ठेवायचं, इथे बहुतेक जण चुकतात. जेवणानंतर कोणी ऐकत नाही. निम्मे बांधावर आडवे, निम्मे गाडीची किल्ली शोधत. कापसाच्या काट्यांवर (वाळक्या काड्यांच्या जाळावर) वांगी लावली की ती भाजून, सोलून होईपर्यंत अर्धा तास जातो आणि माणसं आपोआप जाळाभोवती गोळा होतात. तोच वेळ वाचनाचा. वीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. पुस्तकं तेव्हा वाटायची नाहीत. भरताच्या तेलकट बोटांनी मॅट लॅमिनेशनवर जो डाग पडतो तो पुसून जात नाही. निघताना कागदी पिशवीतून द्यावं.

बुकमार्कला वेगळा खर्च करू नये. १३ बाय १९ इंची शीटवर डेमीची दोन मुखपृष्ठं बसतात आणि कडेला इंचभर पट्टी उरते. छापखाना ती कापून टाकतो. फाइल बनवतानाच त्या पट्टीत सहा इंची दोन बुकमार्क बसवून घ्यावेत. छपाई आणि लॅमिनेशन मुखपृष्ठाबरोबरच होतं. पट्टीवर क्यूआर टाकायचा तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि भोवती पांढरी मोकळी जागा हवी, नाहीतर फोन तो उचलत नाही. फुकटच्या साइटवर ‘डायनॅमिक’ क्यूआर बनवू नये. मुदत संपली की तो बंद पडतो आणि छापलेले बुकमार्क तसेच पडून राहतात. साधा, कायमचा क्यूआर घ्यावा आणि छपाईआधी तीन वेगळ्या फोनवर तपासावा. असे बुकमार्क मी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि सलूनमध्ये ठेवतो. सलूनमध्ये एक वाचायची प्रतही ठेवावी, सुतळीने बांधून. सुतळी विसरलो की प्रत गेली.

टपालाचं बघा. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. वर दिलेल्या मापाचं पुस्तक १९० ग्रॅमच्या आसपास भरतं, पाकीट धरून सव्वादोनशे. म्हणजे एक प्रत सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसते. ते रस्त्याने-रेल्वेने जातं, त्यामुळे वाचकाला आठवडाभर धीर धरायला आधीच सांगून ठेवावं.

वाचनालयांना अनुदान हप्त्यांनी मिळतं, तेव्हा प्रती दिल्या तरी पैसे मार्चच्या तोंडावरच धरावेत. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला १९५२ नंतर थेट २०२४ मध्ये आलं, त्यामुळे त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात चौघांनी मिळून एक गाळा घेतला तर परवडतं. हिशेबाची वही मात्र एकाकडेच.

उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत गठ्ठे ठेवू नयेत. भुसावळ-जळगावचा पारा ४५ वर गेला की बंद डिकीत पाठीचा डिंक मऊ होतो, आणि वाचकाने पुस्तक पूर्ण उघडलं की मधली पानं सुटून हातात येतात. गठ्ठे घरात, पलंगाखाली, आडवे.

शेवटचा मोसम अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात. या वेळी प्रत गिऱ्हाइकाला नाही, भावाला आणि बापाला विकायची : लेकीला परत जाताना साडीबरोबर द्यायला, दोन प्रती २८० ला, एक तिला आणि एक शेजारणीला. आतलं पहिलं पान कोरं सोडावं, नाव घालायला. खानदेशातल्या कितीतरी लेकी सुरत-नाशिककडे नांदतात. पुस्तक एसटीने तिकडे जातं, टपालखर्च शून्य. बुकमार्क आत असतोच. पुढच्या मागणीचे फोन जेठात येऊ लागतात, तेव्हा पाच-सात प्रती बाजूला ठेवलेल्या बऱ्या.