पायऱ्यांवरची नावं

बर्लिनच्या हाउसफोगटाईप्लाट्झ स्टेशनात यू-टू मेट्रोतून उतरून जिना चढायला लागलं की पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर अक्षरं दिसतात. एकेका पायरीवर एकेक दुकानदार आणि त्याचा पत्ता. सगळे ज्यूंच्या मालकीचे कपड्यांचे व्यवसाय. ऑफिसला निघालेली माणसं भराभर वर जात होती. मी कडेला सरकून एकेक नाव वाचत चढले.

वर चौकात माणसापेक्षा उंच असे तीन आरसे समोरासमोर उभे आहेत, शिंप्याकडे नवा कोट घालून बघायला असतात तसे. राइनर ग्योर्स या कलाकाराचं हे स्मारक 2000 साली उभं राहिलं. मधोमध उभी राहिले, तर तिन्हीकडून मीच दिसले.

तयार कपड्यांचा धंदा या भागात एकोणिसाव्या शतकात वाढला. फालेंटिन मानहायमर, हेर्मान गेर्सोन ही त्यातली मोठी नावं. गेर्सोनचं दुकान तर प्रशियाच्या राजघराण्याला कपडे पुरवायचं. बेतलेलं कापड मध्यस्थांमार्फत घरोघरी शिवायला जायचं, आणि बायका नगावर पैसे घेऊन शिवायच्या. हे वाचताना मला आमची लालबागची खोली आठवली. आई दुपारभर काज-बटणं करायची, तीही नगावरच. त्यामुळे असेल, पण इथला एवढा मोठा व्यापार मला मालकांच्या पाट्यांइतकाच त्या शिवणाऱ्या हातांमधून दिसत राहिला.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आले. 1 एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर देशभर बहिष्कार घातला गेला. त्याच वर्षी कपडे उत्पादकांची 'अडेफा' ही संघटना निघाली. ज्यूंना या धंद्यातून हुसकावणं हेच तिचं काम. माल 'आर्य' हातांनी बनलाय हे कळावं म्हणून कपड्यांना तिचं लेबल लावत. कॉलरच्या आत शिवलेली कापडाची चिंधीएवढी पट्टी! शेजाऱ्याचं पोट मारायला तीही पुरली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

नोव्हेंबर 1938 मध्ये दुकानं फोडली गेली. मग वटहुकूम निघाला, की 1 जानेवारी 1939 पासून ज्यूंना दुकान चालवता येणार नाही. धंदे मातीमोल भावानं दुसऱ्यांच्या हाती गेले. काही मालक देश सोडून गेले, कितीतरी मारले गेले. शिवणकाम मात्र थांबलं नाही. पुढे पोलंडमधल्या वूच शहराच्या घेट्टोत कोंडलेले ज्यू उपाशीपोटी जर्मन सैन्यासाठी गणवेश शिवत होते आणि जर्मनीतल्या दुकानांसाठी कपडेही.

परतताना जिना उतरू लागले आणि लक्षात आलं, उतरताना नावं दिसतच नाहीत. नुसत्या पायऱ्या. तळाशी पोचून मागे वळले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा वाचायला लागले. गाडी आली, गेली. मी पुढची घेतली.