'सुरुवात' या शब्दाखाली बरोबरची सात चिन्हं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज शेवटी नवीन प्रोजेक्टचं फोल्डर केलं आणि या वेळी सगळ्यात आधी डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड काय करतो आणि कसा वापरायचा ते लिहिलेली पानं, लावायला घेतलं. मागच्या ऑफिसात आमचा एक सिनियर सोडून गेला, सगळं त्याच्या डोक्यात, लिहून ठेवलेलं काहीच नाही, आणि मग आम्ही दोघी महिनाभर त्याचा कोड चाचपत बसलो होतो. तेव्हाच ठरवलेलं की स्वतःचं काही केलं तर कुणावर ही वेळ आणायची नाही.

प्रोजेक्ट छोटाच आहे, कृतीदेव या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, करून देणारी पायथन भाषेतली लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा कोड). आमच्या गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांकडे कितीतरी वर्षांच्या फाइली पडल्यात, स्मरणिका, लग्नपत्रिका, एका मंडळाचे दिवाळी अंक. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. 'किती' हा शब्द तिथे एफ, डी, आर, एच असा साठवलेला असतो, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये मात्र आधी क आणि मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. रफारचंही तेच, तिथे अक्षराच्या नंतर, इथे आधी. ही उलटापालट नीट करणं हेच निम्मं काम.

तर डॉक्युमेंटेशनची पानं बनवायला टूल घेतलं स्फिंक्स. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी ते केलं, 2008 मध्ये आलं, आज लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) डॉक्सही त्यातच बनतात. पायथनसाठी वेगळी जागा (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) केली, पिप या इन्स्टॉलरने स्फिंक्स टाकलं, सुरुवातीचे प्रश्न विचारणारं स्फिंक्स-क्विकस्टार्ट चालवलं. पहिलाच प्रश्न, सोर्स (आपण लिहितो ते) आणि बिल्ड (त्यातून बनलेली पानं) वेगळे ठेवायचे का? हो म्हटलं, नाहीतर लिहिलेलं आणि बनलेलं एकाच ठिकाणी येतं आणि गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या टूलमध्ये, नको ते चढतं. मग प्रोजेक्टचं नाव, लेखकाचं नाव, व्हर्जन, भाषा, झालं. कॉन्फ डॉट पीवाय ही सेटिंगची फाइल आणि इंडेक्सची फाइल तयार. थीम आहे तीच ठेवली, बदलत बसले असते तर अख्खी संध्याकाळ त्यातच गेली असती.

पहिलं पान मराठीत लिहिलं, कारण ते काकांसाठी आहे. शीर्षक 'सुरुवात', खाली चार बरोबरची चिन्हं, कारण इथे शीर्षकाखाली चिन्हांची रेघ द्यावी लागते आणि ती निदान शीर्षकाइतकी लांब हवी. बिल्ड केलं तर वॉर्निंग, टायटल अंडरलाइन टू शॉर्ट, म्हणजे शीर्षकाखालची रेघ आखूड. मी बघतच राहिले, चार अक्षरं आणि चारच चिन्हं, आखूड कुठंय? मग ट्यूब पेटली. सुरुवातमध्ये अक्षरं चार असली तरी युनिकोडचे कोड सात आहेत, स, उकार, र, उकार, व, काना, त, आणि ते टूल उकार-काना वेगळे मोजतं. सात चिन्हं दिली, गप्प झालं. इतका आनंद झाला मला! ज्या गोष्टीवर मी लायब्ररी लिहितेय तीच गोष्ट पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत समोर आली.

दुसरं पान टॉकट्रीत (पानांच्या अनुक्रमणिकेत) जोडायचं राहिलं म्हणून अजून एक वॉर्निंग, ती किरकोळ. खरा घोळ ऑटोडॉकने केला, म्हणजे कोडमधूनच माहिती उचलून पानं बनवणाऱ्या स्फिंक्सच्या भागाने. आधी मॉड्यूलच (माझी कोडची फाइल) सापडेना, म्हणून कॉन्फमध्ये सिस-पाथला, म्हणजे पायथन कोड शोधतं त्या जागांच्या यादीला, दोन पायऱ्या वरचं फोल्डर दिलं. मग सापडलं, आणि माझ्या टेस्टच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली धडाधड कन्व्हर्ट व्हायला लागल्या! ऑटोडॉक मॉड्यूल खरोखर इंपोर्ट करतं, म्हणजे त्यातला वरच्या पातळीवरचा कोड चालवतंच, आणि माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये वरच्या पातळीवरच कन्व्हर्जनचा कोड होता. कॉपी ठेवलेली होती म्हणून वाचले. तो सगळा भाग मेनच्या 'इफ'खाली नेला, म्हणजे फाइल थेट चालवली तरच तो चालेल, जो पहिल्यापासून तिथेच असायला हवा होता.

मग फंक्शनचं पान उघडलं तर माझ्याच डॉकस्ट्रिंगची (फंक्शन काय करतं हे सांगणाऱ्या टिपेची) एक ओळ, 'मजकूर कन्व्हर्ट करतं'. एवढंच. पानावर एकटी पडलेली ती ओळ वाचून कसंतरीच झालं. कुठला मजकूर? मधे इंग्रजी शब्द आला तर? ते लिहायला बसले तेव्हा कळलं की याचं उत्तर कोडकडेही नाहीये. साध्या टेक्स्टमध्ये कृतीदेवचा 'किती' आणि इंग्रजी शब्द दोन्ही रोमन अक्षरंच, फरक फक्त फॉन्टमध्ये असतो आणि तो टेक्स्टमध्ये उरतच नाही. दोन महिने ती स्क्रिप्ट वापरत होते आणि हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

नऊच्या सुमाराला काकांना पानाचा फोटो पाठवला. लगेच फोन आला, "ते इनपुट फाइल म्हणजे कुठली गं? पेजमेकरची का वर्डची?" (पेजमेकर म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर.)

"काका, तुमच्याकडे जास्त कुठल्या आहेत?"

"पेजमेकरच्याच. आणि सगळ्यात मधे मधे इंग्लिश आहे बघ, फोन नंबर, कंपन्यांची नावं, जाहिराती."

म्हणजे माझा प्रश्न त्यांच्या प्रत्येक पानावर आहे. 'सुरुवात'च्या पानावर तेवढंच लिहून ठेवलं, की सध्या फक्त पूर्ण कृतीदेव असलेला मजकूरच द्यायचा, मधे इंग्रजी असेल तर आधी बाजूला काढायचं. उद्या रविवार, प्रेस बंद असते पण काका दहाला उघडतो म्हणालेत. पेनड्राइव्ह बॅगेत टाकलाय.