मामिया सिक्स: प्लेट जमली, आता हवेशी भांडण

मंडळी, माझ्या जुन्या मामिया सिक्स कॅमेऱ्यात फिल्म मागून दाबून सपाट ठेवणारी प्लेट जमली! मागच्या वेळी विकतच्या प्लेटमधल्या ज्या ०.३ मिलिमीटरच्या खळग्यावर घोडं अडलं होतं, ते एकदाचं पुढे सरकलं. आता पेढे वाटावेत म्हणून रोल धुतला, तर त्यात दोन जातींच्या फ्रेम निघाल्या. काही अशा कडक, म्हणजे टोकदार, की लूप (भिंग) डोळ्यावरून काढवत नाही. आणि काहींचा मध्य गिळगिळीत, कडा मात्र ठणठणीत. रोल तोच, अॅपर्चर तेच, ट्रायपॉड तोच. डोक्याला शॉट म्हणजे काय ते कळलं. त्यामुळे आजचं सगळं पुराण याच एका भानगडीवर आहे. शटरचा १ सेकंद अजून अडकतोच आणि रेंजफाइंडरला (अंतर मोजायच्या यंत्रणेला) मी हातही लावलेला नाही.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. माझा कॅमेरा मामिया सिक्स फोर, म्हणजे १९४७ पासून निघालेलं मॉडेल. लेन्स डी. झुइको ७५ मि.मी. एफ ३.५, ऑलिंपसवाल्यांची, चार काचांची. झाइसच्या सुपर आयकॉन्टा कॅमेऱ्यात फोकस करायला लेन्सची पुढची काच फिरते. सेइइची मामियांनी १९४०च्या पहिल्या मॉडेलपासूनच उलटा विचार केला: लेन्स जिथल्या तिथे घट्ट ठेवायची आणि मागे फिल्मच हलवायची. अंगठ्याने चाक फिरवलं की अख्खं फिल्म गेट, म्हणजे फिल्म जिच्यावर टेकते ती चौकट, पुढेमागे होतं. इन्फिनिटीपासून (अगदी दूरच्या फोकसपासून) १ मीटरपर्यंत ६ मि.मी.च्या आसपास प्रवास. लेन्सच्या काचांमधली अंतरं बिघडत नाहीत, म्हणून जवळच्या फोटोतही झुइको तितकीच चांगली राहते. माझ्या मते युद्धानंतरच्या स्वस्त जपानी फोल्डरमधली (घडी करून मिटणाऱ्या कॅमेऱ्यांमधली) ही सगळ्यात शहाणी कल्पना.

पण या शहाणपणाची किंमत प्लेट चुकवते. गेट हलतं म्हटल्यावर प्रेशर प्लेट मागच्या दाराला लावता येत नाही, ती गेटबरोबर हलली पाहिजे. म्हणून ती सुटी. रोल भरताना काढायची, मग परत सरकवायची. सुटी वस्तू सत्तर-पंच्याहत्तर वर्षं टिकेल कशाला? तोक्योतल्या जंक पेट्यांमध्ये जे मामिया सिक्स पडलेले दिसतात, त्यातल्या कित्येकांचं दुखणं हेच असतं. माझाही तसाच, चार हजार येनला मिळालेला. लेन्स आरशासारखी स्वच्छ, प्लेटचा पत्ता नाही.

ऑनलाइन मागवलेल्या, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिक प्लेटची कथा मागे लिहिलीच आहे. विक्रेत्याने 'अचूक मापाची' म्हणून पाठवली. काचेवर पालथी ठेवली, तर मधोमध ०.३ची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सुळकन आत. ०.३ ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा. ७५च्या लेन्सला फिल्म ०.३ मागे गेली, की चाक इन्फिनिटीवर असूनही फोकस १९ मीटरच्या आसपास येऊन बसतो. लहान अॅपर्चरला, एफ ८ला, हे झाकून जातं, पूर्ण उघड्या एफ ३.५ला उघडं पडतं. तोक्योच्या कासाई रिंकाई पार्कातल्या आकाशपाळण्यावर मी फोकस तपासतो, तिथे हे डोळ्यांनी दिसलं. कडेचे पाळणे स्पष्ट, मधला आस धूसर आणि मधोमध अलीकडे उभं असलेलं झाड, ज्याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं, ते पानापानासकट टोकदार. (११७ मीटर उंच वस्तू, गोल, कडेला बारीक तपशील आणि मध्यात आरे. टेस्ट चार्ट म्हणून याच्याहून चांगलं काय मिळणार? तिकीटही लागत नाही.)

गेटच वाकडं आहे का ही शंका फिटवायला मायक्रोस्कोपची काचपट्टी कामाला आली. कारबोरंडमने (घासायच्या कडक पुडीने) एक बाजू दळून दुधी केली, त्यावर सुईने फुली मारली आणि दुधी बाजू लेन्सकडे करून गेटच्या आतल्या रुळांवर आडवी ठेवली. मागून टॉर्च. समोरून निकॉनला २०० मि.मी. लावून, तो इन्फिनिटीवर ठेवून, झुइकोच्या पोटात डोकावलो. फुली अगदी कडक. म्हणजे रूळ बरोबर, लेन्स बरोबर. फिल्म रुळांवर टेकत नव्हती, एवढाच प्रश्न. ही युक्ती कुठल्याही फोल्डरला चालते. काचपट्ट्यांची डबी स्वस्तात मिळते आणि जन्मभर पुरते.

मग स्वतःच प्लेट करायला घेतली. होम सेंटरमधून दीड मि.मी.चा अॅल्युमिनियम पत्रा. हँड्स या दुकानातही मिळतो, पण तिथे मी एका वस्तूसाठी जातो आणि पाच घेऊन येतो. कापून, कानशीने कडा मारून, जाड काचेवर एमरी पेपर पसरला आणि त्यावर प्लेट पाणी लावून आठच्या आकड्यात घासत बसलो. आधी ४००, मग ८००, मग १५००. मार्करने तिरप्या रेघा मारायच्या आणि सगळ्या एकदम पुसल्या जाईपर्यंत घासायचं. सुरुवातीला दोन कोपऱ्यांतल्याच रेघा जायच्या. शेवटी पूर्ण पाठ एकाच दमात पुसली गेली, तेव्हा उठून स्वतःला चहा केला. ०.०५ची गेज आता कुठूनच शिरत नाही. पुढची-मागची कड जरा गोल केली, नाहीतर रोलमध्ये फिल्मच्या पाठीला असलेला कागद अडकतो. काळा रंग दिलेला नाही आणि देणारही नाही. प्लेटला फक्त पाठीचा कागद लागतो, फिल्म नाही. तिथे रंग म्हणजे उगाच जाडी वाढवायची आणि पुढेमागे त्याचे पोपडे गेटमध्ये झाडायचे.

तर एवढं करून काढलेला हा रोल. चांगल्या फ्रेममध्ये आसाजवळचे आरे एकेक सुटे दिसतात, एफ ३.५ला! पंच्याहत्तर वर्षांची चार काचांची लेन्स हो. नेगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवून उगाच पुन्हा पुन्हा बघून घेतली.

आणि वाईट फ्रेम? आधी वाटलं जुनंच दुखणं, प्लेट खाचेत हलत असेल. पण नीट पाहिलं तर लक्षणं वेगळी आहेत. मागच्या वेळी मध्य धूसर होता, पण अलीकडचं झाड टोकदार होतं. या वेळी आस धूसर आणि झाड त्याहून धूसर. मध्यात कुठल्याच अंतरावर काही स्पष्ट नाही, म्हणजे फोकस इन्फिनिटीच्याही पलीकडे गेलाय. फिल्म मागे सरकलेली नाही, लेन्सकडे पुढे आली आहे. प्लेट फिल्मला मागे जाऊ देत नाही. पुढे यायला तिची आडकाठी नसते. मग फिल्मला पुढे ओढतंय कोण?

वहीत कुठल्या फ्रेमला काय केलं ते लिहिलेलं असतं, ते कामी आलं. वाईट फ्रेम त्याच, ज्यांच्याआधी कॅमेरा मिटून बॅगेत ठेवला होता. फोटो काढला की लगेच वाइंड (फिल्म पुढच्या फ्रेमवर सरकवायची), मग मिटायचा, ही सगळ्यांचीच पद्धत. म्हणजे नवी फिल्म गेटसमोर ताणून तयार, आणि पुढच्या ठिकाणी बटण दाबलं की दार खटकन उघडतं, लेन्स बाहेर उडी मारते आणि बेलोज, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधला घड्यांचा चामडी भाता, एका क्षणात उलगडतो. आतली पोकळी वाढली, हवा येणार कुठून? लोहाराच्या भात्यासारखा तो मिळेल तिथून ओढतो आणि मिळते ती समोरची फिल्म.

ऐकीव गोष्ट म्हणून हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते बघायचं होतं. वाया गेलेला रोल भरला, लॉकवाल्या केबल रिलीजने शटर बी वर (बटण धरेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं ठेवलं, कॅमेरा मिटला आणि टेबललॅम्पखाली खटकन उघडून लगेच लेन्समधून आत पाहिलं. फिल्मच्या चकाकत्या पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब आधी गोळा झालेलं होतं आणि मग हळूहळू पसरत गेलं. पण पूर्ववत झालं नाही, एका बाजूला थोडी वळी राहिलीच. दार अंगठ्याने धरून सावकाश उघडलं, तर प्रतिबिंब जवळपास जागचं हलत नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. हाच कॅमेरा जेव्हा प्लास्टिक प्लेटवर होता, तेव्हा मिटून-उघडूनही असं कधी दिसलं नव्हतं. मधल्या काळात काय बदललं? बेलोज! कोपऱ्यांतली सुईएवढी भोकं मी मध्यंतरी बुजवली. तेव्हा टॉर्च आत घालून अंधारात एकही ठिपका दिसत नाही म्हणून फुशारकीही मारली होती. प्रकाश बंद झाला तशी हवाही बंद झाली. आता हा बेलोज पूर्वीपेक्षा जोराने ओढतो. त्यातून मी वापरलेलं ते काळं द्रव रबर. लावायला सोपं, पण थर जाड बसतो, घड्या चिकटतात आणि सुटताना झटका देतात. डोंबिवलीचे आपले दादा काळा अॅक्रिलिक आणि पांढरा गोंद पातळ करून ब्रशने लावतात, ते उत्तम. माझं मत त्यांच्या पारड्यात.

उपाय साधा: उघडायचं सावकाश आणि वाइंड करायचं उघडल्यावरच. नवी फिल्म ताणून गेटवर येते ती ओढाताण संपल्यानंतर. फोमा कंपनीच्या फिल्मचा एक रोल मुद्दाम असा काढला, कारण वळायच्या बाबतीत तिच्यासारखी हट्टी फिल्म नाही. सगळ्या फ्रेममध्ये आस जागेवर. त्याच रोलमधल्या दोन फ्रेम मुद्दाम जुन्या पद्धतीने घेतल्या, त्या दोन्हींत मध्य गेला. जीव भांड्यात पडला. तोटा एवढाच, की मागची फ्रेम वाइंड केली होती का नव्हती हे मिटलेल्या कॅमेऱ्याकडे बघून कळत नाही. म्हणून नियम: मिटलेला कॅमेरा म्हणजे वाइंड न केलेला कॅमेरा. अपवाद नाही.

पुढचा बेत रेंजफाइंडरचा होता. पण हे लिहिता लिहिता वाटायला लागलं, की आधी ते रबर काढून कोपरे अॅक्रिलिकने पुन्हा करावेत. सावकाश उघडायचं ते मी घरी उघडेन, रस्त्यावर हात शिवशिवतात तेव्हा खटकनच होणार. जुनं चामडं रबराबरोबर सोलून आलं तर मात्र नवा बेलोज करावा लागेल आणि माझ्या हाताला ती कला नाही. तेव्हा आधी एकाच कोपऱ्यावर, खालच्या, करून बघतो. रबर लायटर फ्लुइडने सुटतं का आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कुणी करून पाहिलंय? चामड्याचा रंग उतरला तर चालेल, चामडं टिकलं पाहिजे.

आणि पुण्यात ज्यांच्याकडे मूळ प्लेट असलेला मामिया सिक्स आहे, त्यांनी कृपा करून व्हर्नियर लावून चारही कोपऱ्यांची आणि मध्याची जाडी कळवा. माझी दीडची प्लेट खाचेत किंचित घट्ट जाते. मूळ प्लेट पातळ निघाली, तर पुन्हा ४००च्या पेपरपासून सुरू.